पाच फुटांची लादी

वरवंटा मी कमरेइतक्या उंचीवरून सोडला. शहाबादीचा तुकडा दोन ठिकाणी तडकला आणि कपच्या उडून ओट्याखाली गेल्या. इंदू उंबऱ्याशी सूप घेऊन तूर निवडत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"शहाबादी नापास," मी जाहीर केलं.

"ती अकरा वर्षं माझ्या पायाखाली नापासच होतीय," इंदू म्हणाली. "त्याला वरवंटा कशाला पाहिजे होता?"

एकोणीसशे एक्याण्णव सालचा एप्रिल होता. मिरजेत आमचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांची कॉट आणि त्यांचा रेडिओ. आतलं स्वयंपाकघर आठ बाय नऊ. तिथल्या शहाबादी फरशीचे पापुद्रे निघत होते, जोडांतून मुंग्या वर यायच्या आणि पिठाचा सांडलेला कण खाली जायचा, तो कायमचाच. फरशी बदलायची असं आम्ही पाच वर्षं नुसतं म्हणत होतो. त्या वर्षी एकदाचा योग आला आणि इंदूनं एकच अट घातली. फरशी ती निवडणार.

मी म्हटलं, निवड की. स्वयंपाकघर तुझं, त्यात मी कोण सांगणारा? फक्त त्याआधी सगळ्या फरश्या तपासून घेऊ.

तपासणं हा माझा धंदा होता. एस.टी.च्या आगारात मी हेड मेकॅनिक. ब्रेक लागतो असं ड्रायव्हरनं दहादा सांगितलं तरी स्वतः चढून पेडल दाबून बघितल्याशिवाय मी गाडी सोडत नसे. इंदूला बघायला गेलो होतो तेव्हा मला दिलेली खुर्ची डुगडुगते हे मी आधी तपासलं आणि मुलीकडं नंतर बघितलं, असं ती चारचौघांत सांगते. ते खरं आहे.

तर वसनजीशेठच्या दुकानातून मी सहा नमुने मागून आणले होते. शहाबादी, काळी कडप्पा, मोझॅक, संगमरवर, हिरवट कोटा आणि कोपऱ्यात निळं फूल असलेली पांढरी चकचकीत सिरॅमिक. सगळे ओळीनं ओट्यासमोर मांडले आणि आठवडाभर परीक्षा घेतली. हळद कालवलेलं तेल दिवसभर ठेवलं, चिंचेचा कोळ सांडला, तापलेला तवा टेकवला, वरवंटा टाकला. एवढे दिवस इंदू त्या तुकड्यांमधून पाय चुकवत स्वयंपाक करत होती. संगमरवर चिंचेनं गेला. कडप्पावर सांडलेलं पाणी वाळलं की पांढरे ओघळ राहायचे. मोझॅकचा कोपरा उडाला. कोट्यावर चिंचेचा अंधुक डाग पडला, पण तवा आणि वरवंटा दोन्ही त्यानं मुकाट्यानं सोसले.

राहिली ती पांढरी. वरवंटा तिच्यावर मी जरा खालूनच सोडला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. शेवटची परीक्षा साबणाच्या पाण्याची. ओल्या पायानं मी तिच्यावर उभा राहिलो आणि पुढच्या क्षणी खाली बसलेला होतो. आवाज चांगला मोठा झाला. बाहेरून आप्पांनी विचारलं, काय पडलं गं?

"परीक्षक," इंदूनं सांगितलं.

तरीही मी पांढरीला पहिला नंबर दिला. त्याचं कारण कोल्हापूरला राहत होतं. माझी थोरली बहीण, आक्का. तिच्या स्वयंपाकघरात अशीच पांढरी फरशी, अशीच निळी फुलं. दिवाळीला गेलो की ती म्हणायची, जरा पाय पुसून ये हं बाळू, तुमच्या शहाबादीसारखं नाही हे. दर दिवाळीला मी पाय पुसत होतो. आता माझ्या दारात तिला पाय पुसायला लावायचे, एवढीच माझी इच्छा होती. आणि ती काही फार मोठी नव्हती, असं मला तेव्हा वाटे.

इंदूची परीक्षा मात्र निराळीच चालली होती. ती फरशीकडं बघायचीच नाही. आधी तळहात टेकवायची, मग कोपरापर्यंत हात पालथा घालायची आणि म्हणायची, ही नको. का नको विचारलं तर म्हणायची, नको म्हणजे नको. पांढरीवर हात ठेवून लगेच उचलला. कोट्यावर मात्र पोराचा ताप बघावा तसा बराच वेळ ठेवला आणि विचारलं, ह्याची मोठी लादी बघायला मिळेल का? मी म्हटलं, माल चांगला की वाईट हे आकारावर ठरत नाही, आणि हा रंग शाळेच्या व्हरांड्याचा आहे, स्वयंपाकघराचा नव्हे. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि वरणाला फोडणी द्यायला उठली.

दोन दिवसांनी मी कामावरून येताना दुकानात गेलो आणि पांढऱ्या फरशीची ऑर्डर देऊन आलो. घरी काही बोललो नाही. एकदा बसली की आवडेल, असा माझा हिशेब. घरातलं असं परस्पर ठरवून टाकावं लागतं, असं वर्कशॉपमध्ये सगळेच म्हणायचे. ज्यांच्या ज्यांच्या घरी मी जेवून आलो होतो त्यांच्यापैकी एकाचंही घरात काडीचं चालत नव्हतं, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

भांडं फुटलं ते सिकंदर मिस्त्रींमुळं. ते माप घ्यायला आले तेव्हा मी कामावर होतो. टेप गुंडाळता गुंडाळता त्यांनी चांगुलपणानं सांगितलं की वहिनी, पांढरी आहे, हळदीचं जपा, आणि सोमवारी सकाळी सगळी भांडी बाहेर काढून ठेवा, म्हणजे जुनी फरशी उखडायला घेतो.

संध्याकाळी मी जेवायला बसलो. ताटात भाकरी आली, पण ती वाढलेली नव्हती, पडलेली होती. 

"फरशी मी निवडणार होते," ती म्हणाली.

मी पुष्कळ बोललो. टिकाऊपणा, चकाकी, आजकालची पद्धत, आक्काच्या घरी चार वर्षांत एक डाग नाही. आक्काच्या घरी स्वयंपाकाला बाई येते आणि पुसायला दुसरी, हे सोडून सगळं सांगितलं. इंदूनं ऐकून घेतलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा पडला होता, आणि फरशीसारख्या गोष्टीवरून माणसाचा चेहरा इतका का पडावा, हे मला कळेना.

"उद्या शनिवार," ती शेवटी म्हणाली. "दुपारी रजा टाका. दुकानात जायचंय. मिस्त्री सोमवारी येणार, त्याच्या आत."

"दुपारी? या उन्हात? संध्याकाळी जाऊ की."

"दुपारीच. मला ती दुपारीच बघायची हाय."

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. वसनजीशेठ जेवायला घरी निघण्याच्या बेतात होते. दुकानात दोन हमाल, एक मोठा पंखा आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फरश्या, एवढंच होतं. इंदूनं शेठना सांगितलं की पांढऱ्या फरश्या जमिनीवर मांडून दाखवा, दोन रांगा, माणसाच्या लांबीच्या. शेठना वाटलं, बाई जोड बघणार. त्यांनी कौतुकानं मान हलवली आणि हमालांनी फरश्या मांडल्या.

इंदूनं पर्स माझ्या हातात दिली. पदर खोचला. आणि त्या पांढऱ्या फरशीवर, भर दुकानात, कुशीवर आडवी झाली.

माझ्या पायाखालचीच फरशी सरकली. मी खाली वाकून, ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न केला.

"इंदू, ऊठ. काय करतीस? माणसं बघतायत."

"बघू देत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तुम्ही आठवडाभर वरवंटा टाकत होता, मी काही बोलले?"

ती थोडा वेळ तशीच पडली, मग कूस बदलली, मग उठून बसली आणि दंड मला दाखवला. घामानं चिकटून तो लाल झाला होता आणि त्यावर फरशीच्या जोडाची रेघ उमटली होती. अंगाला चिकटते ही, ती म्हणाली. मग हमालांना कोट्याच्या दोन फुटी लाद्या मांडायला लावल्या. त्यांच्यावर ती अंमळ जास्त वेळ पडली. शेठ आता कपाटाला टेकून अगदी गंभीरपणे बघत होते. त्यांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात लोकांनी फरशी ठोकून बघितली होती, चाटूनसुद्धा बघितली होती म्हणे, पण ही तपासणी नवी होती.

"थंड आहे," इंदू उठत म्हणाली. "पण जोड बरोबर कमरेखाली येतो. याहून लांब नाही?"

शेठ विचारात पडले. मागे गोदामात जिन्यासाठी आलेल्या लाद्या होत्या, अजून पायऱ्या न कापलेल्या. पाच फूट लांब, दोन फूट रुंद. हमालांनी दोघांत एक उचलून आणली, जमिनीवर वाळू पसरून अलगद टेकवली, ओल्या फडक्यानं पुसली. माझी बायको चार फूट अकरा इंच. ती डाव्या कुशीवर निजली, हात डोक्याखाली घेतला, तोंड भिंतीकडं केलं. मी पर्स धरून उभा राहिलो. तिच्या उठण्याची वाट बघत एक मिनिट गेलं, दोन गेली. मग तिचा श्वास ऐकू आला, आणि माझ्या लक्षात आलं की इंदू झोपली आहे.

मी तिला हलवायला पुढं झालो तर वसनजीशेठनी माझा दंड धरला. ते हलक्या आवाजात म्हणाले, राहू द्या, माल पसंत पडलाय. त्यांनी एका हमालाला खुणेनं सांगून पंखा तिच्याकडं वळवला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बेसिन विचारायला आलं, त्याला शेठनी ओठावर बोट ठेवून दारातच थांबवलं आणि बाहेर पायरीवर नेऊन बेसिनचे भाव सांगितले. जेवायला घरी जायचं होतं, तेही गेले नाहीत.

मला दुसरं कामच नव्हतं, म्हणून मी तिच्याकडं बघत राहिलो. अकरा वर्षांत मी तिला दिवसाउजेडी झोपलेली कधी बघितली नव्हती. सकाळी मी उठायच्या आधी ती उठलेली असे. डोक्याखाली घेतलेल्या तिच्या हाताच्या कोपरावर एक काळं घट्ट कातडं होतं. ते मी रोज बघत होतो आणि ते पाट्यावर वाटण्यानं झालंय असं धरून चाललो होतो. पाटा-वरवंटा तर ती उजव्या हातानं जास्त ओढायची, आणि कातडं डाव्या कोपरावर होतं. ब्रेकचा घसारा कुठल्या बाजूला जास्त यावरून गाडी कशी चालवलीय हे सांगणारा मी, मला हे दिसलं नव्हतं. मला लाज वाटली.

कुणी न उठवता तिला जाग आली. ती उठून बसली, केस सारखे केले आणि वेळ विचारली. मी घड्याळ बघितलं. सव्वादोन.

"बरोबर," ती म्हणाली आणि शेठकडं वळली. "बाकी सगळी कोट्याची दोन फुटी घाला. ही मात्र अशीच, अखंड. कापायची नाही."

पांढऱ्या फरशीचं काय, असं मी विचारायच्या आधीच शेठ म्हणाले, ती मी कुणाच्या तरी बाथरूममध्ये घालीन, तुम्ही काळजी करू नका. दुकानासमोर उसाच्या रसाचा गाडा होता. आम्ही सावलीला उभे राहिलो. मी दोघांसाठी रस सांगितला. शेवटी विचारलंच, हे काय होतं?

तिनं सांगितलं ते सरळ होतं. सगळ्यांची जेवणं आणि भांडी उरकली की दीड वाजतो. पोरं शाळेत. बाहेरच्या खोलीत आप्पा. सासऱ्यासमोर सुनेनं दिवसा आडवं व्हायचं नाही, हे काही तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. मग ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि ओट्यासमोरच्या फरशीवर पडायची. उशी नाही, चटई नाही, कारण कुणी आलंच तर गुंडाळायला वेळ नको. पाऊण तास. मग उठून चहा.

"रविवारी?" मी विचारलं.

"रविवारी तुम्ही आप्पांच्या कॉटशेजारी घोरत असता. तुम्हाला कुठं दिसणार?"

"मला सांगायचं नाहीस का?"

"काय सांगू? दुपारी झोपते म्हणून सांगू? तुमच्या आक्कांनी सगळ्या कोल्हापूरला सांगितलं असतं." तिनं ग्लास गाड्यावर ठेवला. "दिवसभर मला कुणी ना कुणी हाक मारतंय. त्या पाऊण तासात मी कुणाची कोण नसते. तुम्ही फरशीवरनं चालता हो. मी तिच्यावर पाठ टेकते. मग सांगा, निवडायची कुणी?"

मी रसाचा दुसरा ग्लास मागवला. तिच्यासाठी. तेव्हा सुचली ती एवढीच गोष्ट.

घरी आल्यावर मी आप्पांच्या कॉटवर बसलो आणि अंदाज घेत विचारलं की दुपारी इंदू काय करते, तुम्हाला ठाऊक आहे का? आप्पांनी रेडिओचा आवाज कमी केला. ते मोजकं बोलणारे गृहस्थ होते.

"सव्वादोनच्या आधी मला कधी चहा मागताना बघितलंयस?" ते म्हणाले.

"मी दुपारी घरी असतो कुठं? आणि रविवारी झोपलेला."

"तेच," असं म्हणून त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.

म्हणजे घरात ठाऊक नव्हतं ते फक्त मला. पुढं कळलं की आप्पा दुपारी खोकला आला तरी उठून अंगणात जाऊन खोकायचे. सासरा आणि सून, दोघांत याबद्दल कधी एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

सोमवारी सिकंदर मिस्त्री आले आणि ती लादी बघून त्यांनी डोक्याला हात लावला. चौकोनी फरशीत मधेच एक लांबडी, डिझाइन सगळं बिघडणार, असं त्यांचं म्हणणं. ती दाराशी पायरीसारखी बसवतो म्हणाले, भिंतीकडेला तोडून घालतो म्हणाले. त्या दिवशी मी रजा काढली होती. मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, ओट्यासमोर, अखंड, आणि पाणसळ लावून बघा, एका बाजूला जराही उतार आला तर उखडायला लावीन. मिस्त्रींना मी अकरा वेळा पाणसळ लावायला लावली. इंदू उंबऱ्यात बसून बघत होती आणि हसत होती. माझ्या तपासणीला ती हसली आणि मला राग आला नाही, असं तेवढं एकदाच झालं.

गौरी-गणपतीला आक्का आली. दारात तिनं पाय पुसले नाहीत, कारण तसली फरशीच नव्हती. स्वयंपाकघरात शिरली आणि त्या लांब लादीपाशी थबकली.

"हे काय रे बाळू? इथं काय पुरलंय का?"

इंदूचा हात परातीत थांबला. मला खरं सांगता आलं असतं, आणि ते संध्याकाळपर्यंत कोल्हापूरला पोचलं असतं.

"तिथं लोड जास्त येतो," मी म्हणालो. "जोड दिला तर टिकणार नाही. इंजिनिअरिंग आहे ते, तुला नाही कळायचं."

आक्काला कळलं नाही. पण तिनं घरी जाऊन मेहुण्यांना विचारलं की आपल्याकडं लोड कुठं येतो, आणि त्यांनी म्हणे दोन दिवस विचार केला.

आता आप्पा नाहीत. पोरं पुण्याला. बाहेरची खोली रिकामी, तिच्यात पलंग आहे, गादी आहे, पंखा आहे आणि आम्ही दोघंच. मी निवृत्त झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात इंदूला म्हटलं, आता त्या दगडावर कशाला पडतेस, इथं झोप की. ती बरं म्हणाली, दोन दुपारी पलंगावर पडली आणि तिसऱ्या दुपारी दीड वाजता आत निघून गेली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, इथं तुम्ही आहात.

मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. अर्धा तास मी फुगून बसलो होतो. पण कुणाची कोण नसायला माणसाला एक जागा लागते, आणि तिची ती जागा तिनं माझ्या डोळ्यांदेखत निवडली होती.

दीड वाजला की आमच्या स्वयंपाकघराला आतून कडी लागते. त्या वेळेला बेल वाजली तर मी धावत जातो, दुसऱ्यांदा वाजायच्या आत. शेजारच्या सुनंदाताई असतात, गॅसवाला असतो, कधी फोनवर पुण्याहून लेक असते. इंदूवहिनी आहेत का? आई आहे का?

"बाहेर गेल्यात," मी सांगतो. "सव्वादोनला येतील."

सुनंदाताईंची नजर एकदा दाराशी काढलेल्या तिच्या चपलांवर गेली होती. तेव्हापासून दीड वाजला की मी त्या उचलून पलंगाखाली ठेवतो.